सहा वेळा ‘अजून’

मागच्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी कविता-कार्यशाळा भरली होती. मी मागच्या बाकावर बसून होतो. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेल्या एका मुलीने आपली वही पुढे केली. सहा ओळींची कविता, आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द ‘अजून’. नळाला पाणी आलेले नाही, वडील कामावरून परतलेले नाहीत, देवापुढे दिवा लागलेला नाही, ताटे मांडलेली नाहीत, फोन वाजलेला नाही, आणि शेवटच्या ओळीत, घरात कोणी काही बोललेले नाही. मार्गदर्शकांनी लाल पेन काढले. पहिला ‘अजून’ राहू दिला, पुढच्या पाचांवर काट मारली आणि समासात लिहिले, ‘पुनरुक्ती. टाळावी.’

मग ते सगळ्यांना उद्देशून बोलले. यमक, अनुप्रास, ध्रुवपद, एकच शब्द पुन्हा पुन्हा येणे, या सगळ्या मौखिक काळाच्या गरजा होत्या. लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून पाठ होण्यासाठी कवितेला नादाची दोरी लागत होती. छापील पुस्तक आले आणि ती गरज संपली. आधुनिक कवितेने हे दागिने उतरवून ठेवले आहेत. आता कविता डोळ्यांनी वाचायची आणि अर्थावर तोलायची. नादाच्या मागे लागाल तर अर्थ हातचा जाईल.

मुलीने मान हलवली आणि वही मिटली.

हे गृहस्थ चांगले वाचलेले आहेत, मुलांविषयी त्यांना कळकळ आहे, आणि हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. कवितासंग्रहांच्या परीक्षणांत, प्रस्तावनांत, पुरस्कार समित्यांच्या बैठकांत मी ते कितीतरी वेळा ऐकले आहे. ‘यमकात अडकलेली’, ‘नादमोहात सापडलेली’ ही विशेषणे लावली की कविता निकालात निघते. माझे म्हणणे असे की हे मत मुळातच चुकीचे आहे. मराठी भाषा कशी चालते याकडे त्याने पाहिलेले नाही, जुन्या काव्यशास्त्राचा आधार ते अर्धवट घेते, आणि ज्या आधुनिक कवितेच्या नावाने ते बोलते तीच त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

आधी त्या सहा ओळींकडेच बघू. पहिला ‘अजून’ नळाच्या पाण्याचा. तो रोजचा आहे, त्यात जरा वैताग आहे, त्यापलीकडे काही नाही. दुसरा वडिलांचा. इथे घड्याळाकडे नजर जाते. तिसऱ्याला दिव्याची वेळ टळून गेलेली असते. चौथ्याला कुणालाच भूक राहिलेली नाही हे कळते. पाचव्याला कान फोनकडे लागतात. सहाव्या ‘अजून’पर्यंत तोच शब्द भीतीचा झालेला असतो. घरातल्या प्रत्येकाला कशाची शंका आली आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तोंडातून ते कुणी काढत नाही. शब्द एक, कोशातला अर्थ एक, आणि सहा पायऱ्यांत तो वैतागापासून भीतीपर्यंत उतरला. ‘भीती’ हा शब्द मुलीने कुठेही लिहिलेला नव्हता. पाच ‘अजून’ काढल्यावर उरली ती न झालेल्या कामांची यादी.

याला पुनरुक्ती म्हणणे म्हणजे जिन्याची पहिली पायरी ठेवून बाकीच्या सारख्याच दिसतात म्हणून काढून टाकण्यासारखे आहे.

आता भाषेकडे येतो, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. पुन्हा म्हणणे हा मराठीत दागिना नाही, ते व्याकरण आहे. ‘कोण आले?’ आणि ‘कोण कोण आले?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यात विचारणाऱ्याने गृहीतच धरले आहे की येणारे एकाहून जास्त आहेत. ‘बसून पाठ दुखली’ आणि ‘बसून बसून पाठ दुखली’ यांत कित्येक तासांचे अंतर आहे. ‘जाता’ हा शब्द एकटा बोलण्यात जेमतेम उभा राहतो. ‘जाता जाता’ म्हटले की उंबऱ्यात थांबून मागे वळलेला माणूस दिसतो. ‘बघता बघता’मध्ये वेळ झरझर निघून जातो. ‘घर’चे ‘घरोघर’ झाले की सबंध गाव त्यात येते. ‘चहा’चा ‘चहाबिहा’ झाला की त्यात चिवडा येतो, बसणे येते, चार गोष्टी बोलणे येते. आणि हे सगळे केले कुणी, तर कोशात ज्याला काडीचाही अर्थ नाही अशा ‘बिहा’ या आवाजाने.

शाळेच्या व्याकरणात आपण हे शिकलेलो आहोत: अभ्यस्त शब्द, त्यांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक हे प्रकार. प्रकार ओळखून गुण मिळवले आणि पुढे गेलो. त्यांत केवढी गोष्ट दडली आहे ते कुणी थांबून सांगितले नाही. हुरहुर, रुखरुख, चुटपुट हे तीन शब्द घ्या. तिन्हींत मनाला काहीतरी लागलेले आहे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. संध्याकाळी उगाच लागते ती हुरहुर. करायचे राहून गेले त्याची रुखरुख. अगदी थोडक्यात हुकले त्याची चुटपुट. यांचे अर्थ सांगताना कोशकाराचीही दमछाक होते, आणि ज्याला वाचता येत नाही तो माणूस हे तिन्ही शब्द न चुकता वापरतो. पावसाची रिमझिम कानाला ऐकू येते, तिचा शब्द आवाजावरून झाला हे समजण्यासारखे आहे. रुखरुखीला आवाज कुठे असतो? तरीही या भाषेने तिच्यासाठी आवाज घडवला, आणि तो दोनदा उच्चारून घडवला. ‘अर्थ आधी, नाद नंतर चिकटवलेला’ असे म्हणणाऱ्यांनी या एका शब्दाचे उत्तर द्यावे. त्यातला नाद काढून घ्या आणि अर्थ कुठे उरतो ते दाखवा.

काव्यशास्त्राला हे ठाऊक नव्हते असेही नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लाटानुप्रास नावाचा एक प्रकार सांगितला आहे. त्यात शब्द तोच असतो, अर्थही तोच असतो, बदलते ते फक्त तात्पर्य. त्या मुलीचा ‘अजून’ याहून वेगळा काय आहे? पुनरुक्ती हा दोष खरा, पण दुसऱ्यांदा आलेल्या शब्दाने काहीच काम केले नाही तर तो दोष. काम केले असेल तर तिथे दोष दाखवणाऱ्याने कविता पुन्हा वाचावी.

व्याकरण आणि शास्त्र बाजूला ठेवून मी जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले ते सांगतो. माझे चुलते वारले तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. कृष्णाकाठचे गाव. चुलती उंबऱ्यापाशी बसून हेल काढून रडत होती. ‘उठा की वो, म्हशीला वैरण घालायची राहिलीया. उठा की वो, थोरली सांजच्या एस्टीनं यायची हाय. उठा की वो, आज रातीची पाण्याची पाळी आपली हाय.’ प्रत्येक ‘उठा की वो’नंतर एक काम येत होते, आणि एकेका कामाबरोबर घरातली एकेक रिकामी जागा उघडी पडत होती: गोठा, मग दार, मग रान. बायका भोवती बसून होत्या. बऱ्याच वेळाने ती पुन्हा ‘उठा की वो’ म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही. सगळ्यांचे कान पुढच्या कामासाठी थांबले होते. ते आले नाही. तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेले माझे वडील त्या क्षणी रडले.

पुनरावृत्ती कसे काम करते ते मी त्या दिवशी शिकलो. ती आधी कानात एक जागा तयार करते. दोनदा, तीनदा ती जागा भरते. कान आता आपणहून त्या जागेकडे जाऊ लागतो. मग ती जागा वेगळ्या गोष्टीने भरायची किंवा रिकामी ठेवायची, हे बोलणाऱ्याच्या हातात असते. मांडणीच नसेल तर मोडायचे काय? सरळ गद्यात चुलती मध्येच थांबली असती तर ती नुसती थांबली असती. इथे तिचे थांबणे सगळ्यांना ऐकू आले.

मराठीचे जुने छंद याच तत्त्वावर उभे आहेत. ग्रंथांतली ओवी बघा. तीन चरण एका यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि त्या यमकाबाहेरचा. तीन पावले टाकायची आणि उभे राहायचे. ‘ज्ञानेश्वरी’च्या सुमारे नऊ हजार ओव्यांत हे चालणे आणि थांबणे आहे, आणि एवढा गहन विचार या थांब्यांमुळेच ऐकणाऱ्याला पेलतो. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. शेवटी दोन अक्षरे कमी पडतात. गाताना ती जागा टाळाने, लांबवलेल्या स्वराने, नाहीतर श्वासाने भरते. अभंग ऐकताना पोटात काहीतरी हलते ते पुष्कळदा या दोन न आलेल्या अक्षरांपाशी.

आता पाठांतराचा मुद्दा. विरोधी बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. आवर्तनाने पाठ होते हे खरेच आहे. पण निव्वळ पाठांतरासाठी केलेले आवर्तन कसे असते तेही आपल्याकडे उपलब्ध आहे. वेदपाठाच्या परंपरेत जटापाठ आहे, घनपाठ आहे. जटापाठात दोन पदे घेऊन पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे असे म्हणतात. घनपाठात तीन पदांची याहून गुंतागुंतीची उलटसुलट मांडणी असते. एक स्वरही इकडचा तिकडे होऊ नये यासाठीची ही योजना आहे, आणि ती विलक्षण यशस्वी ठरलेली आहे. पण त्या उलट्यासुलट्या पदांना कुणी कविता म्हणत नाही. पाठांतराचे आवर्तन शब्द बदलू नये म्हणून असते. कवितेतले आवर्तन तोच शब्द बदलून दाखवण्यासाठी असते. एकाच क्रियेचे हे दोन उलट उपयोग आहेत. पहिल्याची गरज छापखान्याने संपवली म्हणून दुसऱ्याचीही संपली, असे कसे होईल?

जात्यावरच्या ओवीविषयीही हाच गैरसमज आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांना पाठ करायला सोपे जावे म्हणून त्यांत आवर्तने आहेत असे म्हणणाऱ्यांनी जाते चालताना ऐकलेले नाही. एक बाई ओळ म्हणते, समोरची ती उचलते, आणि ती उचलली जात असताना पहिलीच्या मनात पुढची ओळ तयार होते. तिथे नवी ओवी जन्माला येते. आठवण्यापेक्षा सुचण्यासाठी त्या आवर्तनाचा उपयोग जास्त होतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी लोकांपुढे आली ती 1952 साली, त्यांच्या निधनानंतर. ती वाचताना मला कुठेही असे वाटत नाही की हे शब्द केवळ लक्षात राहावेत म्हणून परत आले आहेत. एखादी गोष्ट पुन्हा हातात घेऊन दुसऱ्या बाजूने बघावी तसे त्यांचे शब्द परत येतात.

आता आधुनिकतेचा मुद्दा. आधुनिक कवितेने नाद सोडला, असे सांगणाऱ्यांना मी तीन नावे विचारतो.

पहिले बा. सी. मर्ढेकर. मराठी नवकवितेचे नाव घेताना सगळे ज्यांच्यापासून सुरुवात करतात ते. ‘काही कविता’ 1947 साली आल्या; याच संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. आशयाने इतका धक्का देणारा हा कवी छंद कोणते वापरतो? ओवी, अभंग, आणि मात्रांची जुनी, घरगुती वळणे. पिपातल्या मेलेल्या उंदरांची त्यांची कविता सगळ्यांना माहीत आहे. ती पादाकुलकाच्या चालीवर, आठ-आठ मात्रांच्या ठेक्यात चालते. अंगाई किंवा बालगीत याच ठेक्यात म्हणता येईल. त्या झुलत्या ठेक्यावर मेलेले उंदीर येतात, म्हणून अंगावर काटा येतो. पडलेल्या मानांचा उल्लेख तिच्यात पुन्हा येतो आणि दुसऱ्या खेपेस एक शब्द बदलतो. त्या बदलात उंदरांची कविता माणसांची होते. हीच कविता सपाट गद्यात लिहिली तर महानगरपालिकेच्या कामाचा अहवाल होईल. मर्ढेकरांना हे अपघाताने साधलेले नाही. लय म्हणजे काय याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला आणि संवाद, विरोध व समतोल या तीन तऱ्हांनी लयीचे तत्त्व मांडले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हे त्यांचे पुस्तक 1955 चे आहे. ते न वाचता त्यांच्या नावाने नादाला हाकलणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसरे कवी अनिल. मुक्तछंदाचे मराठीतले प्रवर्तक. ‘भग्नमूर्ती’ 1940 ची. वृत्ताच्या बेड्या तोडल्या म्हणून त्यांचे दाखले दिले जातात. पण त्याच अनिलांनी पुढे ‘दशपदी’ हा दहा ओळींचा बांधेसूद, यमकांचा घाट घडवला, आणि त्या नावाच्या संग्रहाला 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुक्तछंद ज्याने आणला तो माणूस यमकाकडे परत का आला? माझे उत्तर असे की तो नादापासून कधी दूर गेलाच नव्हता. मुक्तछंदातला ‘छंद’ हा शब्द लोक वाचत नाहीत.

तिसरे नामदेव ढसाळ. ‘गोलपिठा’ 1972 चा. यमक नाही, वृत्त नाही, शिष्ट भाषा नाही. त्यातली ‘माणसाने’ ही कविता काढा आणि मोठ्याने वाचा. ‘-ावे’, ‘-ावे’, ‘-ावे’. विध्यर्थी क्रियापदांची रांग लागते. व्यसने, हिंसा, नासधूस, सगळे काही ‘करावे’ म्हणून सांगितले जाते, आणि शेवटी त्याच ‘-ावे’च्या पाठीवर बसून माणसाच्या गौरवाचे गाणे येते. हा ‘-ावे’ मराठी कानाला कुठून माहीत आहे? संतांच्या उपदेशातून, समर्थांच्या शिकवणीतून. काय करावे, कसे वागावे हे शतकानुशतके याच प्रत्ययाने सांगितले गेले. ढसाळांनी उपदेशाचा तो प्रत्यय उचलला, गटारात बुडवला, आणि तोच पुन्हा वर काढून प्रार्थनेला लावला. अख्खी कविता एका प्रत्ययाच्या पुनरावृत्तीवर उभी आहे. लाल पेनवाल्याच्या हाती ती पडली असती तर पहिला ‘-ावे’ ठेवून बाकीच्यांवर काट बसली असती.

विरोधी बाजूचे एक म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे: मराठीत वाईट यमकांचा सुळसुळाट आहे. याचे कारण भाषेच्या घडणीत आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि प्रत्यय मोजके आहेत. केला, गेला, आला, झाला. येते, जाते, गाते. कुणीही बसल्या बैठकीला शंभर ओळी जुळवील. असे यमक फुकट मिळते. त्यातून काही जोडले जात नाही, कारण जुळतात ते प्रत्यय, शब्द नव्हेत. ‘वारा-तारा’, ‘माती-नाती’ या जोड्याही आता झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. पहिला शब्द ऐकला की दुसरा कळतो. परीक्षा सोपी आहे. दुसरी ओळ तळहाताने झाका आणि यमक ओळखा. ओळखता आले तर ते यमक मेलेले आहे. पण ‘कर्ज’ला ‘अर्ज’ जुळला की एका शेतकऱ्याचे सबंध वर्ष त्या दोन शब्दांत येते. ‘तोरण’ला ‘सरण’ जुळले की एकाच दाराशी दोन दिवस उभे राहतात. हे शब्द विचाराने कधी शेजारी बसले नसते. आवाजाने त्यांना एकत्र आणले आणि मग विचाराला त्यांच्याकडे बघावे लागले. यमक जिवंत असते तेव्हा ते विचाराच्या पुढे चालते. गझलेत तर हे उघडच दिसते. रदीफ प्रत्येक शेरात तीच, पण दर वेळी वेगळ्या रस्त्याने तिच्यापाशी पोचायचे असते. ‘नंतर’ अशी साधी रदीफ घ्या. एका शेरात ती पावसानंतरची असेल, दुसऱ्यात भांडणानंतरची, तिसऱ्यात मयतीनंतरची. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना काफिया, रदीफ, अलामत समजावली ती नियमांच्या हौसेपोटी नव्हे.

इथे आनंदवर्धनाचे नाव हमखास पुढे केले जाते. नवव्या शतकातल्या या आचार्याने ‘ध्वन्यालोका’त शृंगारात, विशेषतः विरहाच्या शृंगारात, यमक वगैरे योजणे चुकीचे ठरवले आहे. खरे आहे. पण त्याची अट काय आहे तेही सांगा. अलंकार ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ असावा, म्हणजे त्याच्यासाठी कवीला वेगळी खटपट करावी लागू नये. भावाच्या ओघातच तो यावा. त्याचा आक्षेप वेगळ्या खटपटीवर आहे. चुलतीच्या ‘उठा की वो’मध्ये खटपट कुठे होती? आनंदवर्धन तिच्या बाजूला बसला असता.

खटपटीची काव्ये आपल्याकडे आहेत, हेही कबूल करतो. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे लिहिली, त्यांत एक निरोष्ठ आहे: प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे त्यात येऊ द्यायची नाहीत. आता ‘राम’ या शब्दात ‘म’ आहे. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि रामाचे साधे नाव घ्यायचे नाही. भाषेवरची ही हुकमत पाहून मी थक्क होतो, आणि तरीही ती मला कवितेपेक्षा कसरत वाटते. पण पंतांच्या कसरतीवरून नादाला दोषी ठरवायचे असेल, तर गचाळ गद्यावरून अर्थालाही दोषी ठरवावे लागेल.

नादाच्या बाजूने बोलणाऱ्यांतही एक चूक पसरलेली आहे आणि ती मी झाकणार नाही. मऊ अक्षरे शृंगाराची, कठोर अक्षरे वीररसाची, असे ठोकताळे शिकवले जातात. माधुर्यासाठी ट, ठ, ड, ढ टाळावेत हा जुना नियम आहे. संस्कृतात तो कसाही असो, मराठीत तो पाळला तर प्रेमकवितेत डोळे येणार नाहीत, ओठ येणार नाहीत, मिठी येणार नाही, आठवण येणार नाही आणि काही गोडही लागणार नाही. तसाच ‘ळ’. तो मराठीचा लाडका, नाजूक वर्ण म्हणून सांगितला जातो. झुळझुळ, सळसळ यांत तो नाजूक आहेच. मळमळ आणि जळजळ यांतही तोच आहे. अक्षराला स्वतःचा भाव नसतो. भाव तयार होतो तो शब्दाशी, शेजारच्या शब्दाशी, मागे येऊन गेलेल्या त्याच आवाजाशी जोडले गेल्यावर. वर्णांचे तक्ते पाठ करून कविता होत नाही, आणि असे तक्ते हाती देऊन नादाची बाजू मांडणारे विरोधकांचेच काम सोपे करतात.

एक आक्षेप अधिक गंभीर आहे. घोषणाही पुन्हा पुन्हा देतात, जाहिरातीही तेच करतात. आवर्तनाने माणसाचा विचार झोपतो. हे नाकारण्यात अर्थ नाही, रोज आपण ते अनुभवतो. पण घोषणा शंभराव्या वेळी नेमकी पहिल्या वेळेसारखीच असावी लागते. तिच्यात बदल झाला तर तिचे काम बिघडते. कीर्तनात प्रत्येक कडव्यानंतर टाळकरी ध्रुवपद उचलतात तेव्हा उलटे घडते. मध्ये एक कडवे येऊन गेलेले असते, एक दृष्टांत झालेला असतो, आणि तेच ध्रुवपद आता दुसऱ्याच कशाविषयी बोलू लागते. घोषणेत ऐकणारा जागच्या जागी राहतो. ध्रुवपदात तो दर खेपेला थोडा पुढे आलेला असतो. दिलीप चित्रे यांनी तुकारामांची इंग्रजी भाषांतरे केली तेव्हा यमके जवळपास सोडून दिली, पण संग्रहाचे नाव ठेवले ‘सेज तुका’, म्हणजे ‘तुका म्हणे’. अभंगाच्या शेवटी परत परत येणारी ती नाममुद्रा. सगळे सोडावे लागले तरी काय सोडायचे नाही, हे त्या कवीला कळले होते.

राहिला प्रश्न डोळ्यांनी वाचण्याचा. मुकाट्याने वाचतानाही ओळ घशात उमटते, जीभ किंचित हलते. चांगल्या ओळीपाशी आपण थांबतो आणि ती हळूच पुटपुटतो. हे ज्याला होत नाही तो कवितेतली माहिती तेवढी वाचतो.

मी स्वतः काही वर्षे शिकवले आहे आणि ‘अधोरेखित ओळीतील अलंकार ओळखा’ हा प्रश्न मीही फळ्यावर लिहिला आहे. मुले ‘अनुप्रास’ लिहीत आणि मी बरोबरची खूण करी. तो अनुप्रास तिथे काय करतो, हे मी एकदाही विचारले नाही. नाव सांगितले की काम संपले, हा संस्कार आमच्या वर्गांतून बाहेर पडला आणि आज कार्यशाळांत लाल पेन घेऊन बसला आहे. त्यातला माझा वाटा मी मान्य करतो.

म्हणून जे कुणी मुलांच्या कविता तपासतात त्यांना माझी विनंती आहे. एखादा शब्द दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलेला दिसला तर पेन खाली ठेवा. कविता मोठ्याने वाचा, एकदा त्या शब्दासकट, एकदा त्याच्याविना. काही हरवले नाही तर खुशाल काट मारा. काही हरवले तर मुलाला ते काय आहे हे विचारा. त्याला ते तुमच्याआधी कळलेले असते, फक्त सांगता येत नसते.

आणि त्या मुलीच्या हाती हा लेख पडला तर तिला सांगायचे आहे: वही उघड आणि पाचही ‘अजून’ जागच्या जागी परत लिही. तुझ्या कवितेला सहाही लागतात.